चावी परबांकडे आहे

विश्राम परब कुणाकडे जेवायला गेले की आधी त्या घरचा फ्रिज उघडत. परवानगी मागत नसत. खिशातून पेनाएवढा स्टीलचा थर्मामीटर काढून मधल्या फळीवर ठेवत, दार लावत आणि मग येऊन बसत. पाच मिनिटांनी चालू गप्पा तोडून उठत आणि आकडा मोठ्याने वाचत.

माझी त्यांची ओळख अशाच एका जेवणात झाली. मस्कतजवळ सीबमध्ये आमच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाकडे गणपती होता. वीस-बावीस माणसं होती. "अकरा!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "वहिनी, ह्या दूध उद्या सकाळपर्यंत टिकणा नाय. दाराचो रबर गेलो." यजमानीणबाईंना आलेला राग त्यांनी श्रीखंडाबरोबर गिळला. पुढच्या शुक्रवारी परब नवा रबर घेऊन हजर झाले. अर्ध्या तासात तो बसवला, पुन्हा थर्मामीटर ठेवला, "चार" म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. रबर कुणी मागवला नव्हता.

मी तेव्हा मस्कतमधल्या एका इंग्रजी दैनिकात आलेल्या बातम्या तपासण्याचं काम करत होतो. हे कळल्यावर परबांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी 'पेपरवाले' झालो.

परब देवगडचे. सोळाव्या वर्षी ते तिथल्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लागले. ट्रॉलर समुद्रात जाण्याआधी बर्फाच्या लाद्या काढून द्यायच्या, हे काम. तिथून ते ओमानला आले आणि मस्कतच्या पश्चिमेला बरक्यात, मासळी साठवणाऱ्या एका कंपनीच्या शीतगृहात एकतीस वर्षं टेक्निशियन म्हणून राहिले. आत मायनस अठरा, बाहेर उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर. दिवसातून पंधरा-वीस वेळा ते या दोन हवांमधून ये-जा करत. अंगात निळं, कापूस भरलेलं जाड जॅकेट असे. पाठीवर कंपनीचं नाव, कोपरांना ठिगळं. ते घालून ते भर दुपारी बरक्याच्या मासळीबाजारात टपरीवर चहाला उभे राहत, तेव्हा नवीन आलेला माणूस त्यांच्याकडे वळून बघे. परबांना घाम आलेला मी पाहिला नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. नव्या मदतनिसांना, फ्रिज बिघडलेल्या गृहिणींना, मलाही त्यांनी ते ऐकवलं. "थंडी करूक येणा नाय. गरमी भायर काढूची. मागे काय उरता, ती थंडी."

साठाव्या वर्षी कंपनीने त्यांना पत्र दिलं. ओमानमध्ये राहण्याचं त्यांचं कार्ड फेब्रुवारीअखेर संपणार होतं आणि कंपनी ते वाढवून घेणार नव्हती. असं पत्र इथे बहुतेकांना कधी ना कधी मिळतं. मग माणसं सोनं घेतात, कंबल घेतात, मोठे खोके बांधतात आणि निरोपाच्या जेवणांना जातात. परबांनी पत्राची घडी घातली आणि त्या शुक्रवारी टपरीवर वेगळाच कागद काढला.

सोबत दाऊद परकार होता. हा रत्नागिरीजवळचा, मासळीचे ट्रक चालवणारा, परबांचा इथला सर्वांत जुना मित्र. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. तो शीतगृहाच्या दारावर टांगलेला असतो तसा तापमानाचा छापील तक्ता होता. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात तापमान, तिसऱ्यात शेरा. वेळेच्या रकान्यात परबांनी गावांची नावं लिहिली होती. बरका. शारजा. मग बोट. बंदर अब्बास, सिरजान, यझद, इस्फहान, कोम, तेहरान. शेवटी नुसतंच 'डोंगर'.

"काय रे हे?"

"रस्तो."

"कसला?"

"तेहरानच्या वर डोंगर आसत. थय बर्फात लोक फळये बांधून घसरतत. गाडी घेवन जातलंय."

दाऊदने चहा खाली ठेवला. "तू? घसरायला?"

"घसरूक नाय. उभा रवाक."

"विश्राम, तुझ्या रूममध्ये मायनस अठरा आहे. जा, तिथे उभा राहा. व्हिसा पण लागत नाही."

"ती अठरा माजी," परब म्हणाले. "माका दुसऱ्याची बघूची आसा."

मी विमानाचं सुचवलं. विमानाने सकाळी निघालं तर संध्याकाळपर्यंत डोंगरात पोहोचता येतं. परबांनी माझ्याकडे, फ्रिजचं दार उघडं टाकणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

"पेपरवाल्यांनू, विमानाचा दार उघडला की एकदम थंडी. ता मी रोज करतंय. एकतीस वर्सा एकच दार उघडतंय, हय उन्हाळो, थय बर्फ. मधला माका कोणी दाखवल्यानच नाय. गरमी खय संपता, थंडी खय सुरू होता, ता माका बघूचा आसा. म्हणान रस्त्यान."

पुढचे तीन महिने परबांनी तयारीत घालवले. त्यांच्याकडे पांढरी, जुनी, मोठी सेडान होती. तिच्या डाव्या दाराला खारट हवेने गंज धरला होता. बाकी ती निरोगी होती. ओमानमध्ये गाडीचं लायसन मिळवायचं तर पिंपांच्या मधून गाडी उलटी घालून दाखवावी लागते. परब या परीक्षेत पाच वेळा नापास झाले होते. सहाव्यांदा पास झाल्यापासून त्यांनी एकदाही आरसा न बघता गाडी मागे घेतली नाही आणि नव्वदच्या वर नेली नाही.

पहिली अडचण रेडिएटरची आली. आपल्याकडे पाणी उकळू नये म्हणून काळजी घेतात. परबांना ते गोठायची काळजी होती. त्यांच्याबरोबर मी सीबच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार केरळचा होता, त्याला सगळे चेट्टा, म्हणजे दादा, म्हणत.

"चेट्टा, रेडिएटर में डालने का ग्लायकॉल चाहिए. मायनस पच्चीस तक का."

"मायनस?" दुकानदाराने खात्री करून घेतली. "भाई, इधर पानी उबलता है. जमता किधर है?"

"जमने का जगह जाता है."

"कब वापस आएगा?"

"फेब्रुवारी."

"तो वापस आके वो निकाल देना," दुकानदार म्हणाला. "मेरा कूलंट लेके जाना. यल्ला, चलो."

दुकानात ग्लायकॉल नव्हता. परबांनी तो शीतगृहांना माल पुरवणाऱ्याकडून मिळवला आणि पाण्यात किती मिसळायचा ते स्वतः ठरवलं. मिश्रणाची वाटी कामावरच्या थंड खोलीत रात्रभर ठेवून ते गोठत नाही याची खात्री केली. टायरला बांधायच्या साखळ्या मस्कतमध्ये कुठेच नव्हत्या. त्यांचं चित्र फोनवर बघून परबांनी बरक्याला होड्यांच्या नांगरांच्या साखळ्या विकणाऱ्याकडून माल आणला आणि चार रविवार बसून दोन जाळ्या विणल्या. दोन्ही मिळून वजन अकरा किलो भरलं. ओमानमध्ये रविवार कामाचा असतो. हे काम त्यांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत केलं.

देवगडला त्यांची बायको सुमन यांना दर शुक्रवारी फोन जाई. तो ते स्पीकरवर ठेवूनच बोलत, त्यामुळे टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू येई.

"बर्फ बघूक थय कित्याक जातास? फ्रिज उघडा."

"तो मीच दुरुस्त केललो आसा गो. त्यात काय बघूचा?"

"घराकडे येवन माडांक पाणी लावा. माणसा निवृत्त झाल्यावर काशीक जातत. हे बर्फाक जातत."

"काशीक गरम होता," परब म्हणाले.

डिसेंबरात कागदांचं काम सुरू झालं आणि तिथे सगळं अडलं.

दुसऱ्या देशात गाडी नेऊन ती परत आणण्याचं एक हमीपत्र लागतं. अशा प्रवासाला जाणारे लोक त्याला गाडीचा पासपोर्ट म्हणतात. तो गाडीच्या मालकाला मिळतो, आणि मालक कोण हे मुल्कियावरून ठरतं. मुल्किया म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड. परबांनी गाडीच्या कप्प्यातून ते काढून खिडकीतल्या कारकुनाला दिलं. कारकुनाने विचारलं, कंपनीचं पत्र कुठे आहे? गाडी कंपनीच्या नावावर होती.

परबांना हे माहीत होतं. त्यांना त्यात काही अडचण वाटली नव्हती, एवढंच. याचं कारण सांगायला मागे जावं लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी किनाऱ्यावर मोठं वादळ आलं. बरक्यात तीन दिवस वीज नव्हती, रस्त्यांवर पाणी होतं. शीतगृहात सुरमई आणि कोळंबी ठासून भरलेली होती. जनरेटरला दिवसातून काही तासच पुरेल एवढं डिझेल होतं. परब तीन दिवस तिथेच राहिले. त्यांनी दार उघडायचं बंद केलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा मालक, म्हणजे थोरला अर्बाब, गुडघाभर पाण्यातून आला आणि आतला माल दाखवायला सांगितला. परबांनी दार उघडायला नकार दिला.

"अर्बाब, दरवाजा खुला तो माल खलास."

"माल मेरा है."

"माल तेरा, थंडी मेरी," परब म्हणाले.

हा संवाद मी दोघांकडून, परबांकडून आणि तेव्हा तिथे असलेल्या दाऊदकडून, वेगवेगळा ऐकला आहे. शब्दांत फरक नाही. अर्बाब बाहेर प्लास्टिकच्या क्रेटवर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली. दार उघडलं तेव्हा आत मायनस नऊ होतं. मासळी दगडासारखी होती. अर्बाबने स्वतःच्या गाडीची चावी परबांच्या हातावर ठेवली. "ये गाड़ी तेरा. खलास." तो टॅक्सीने घरी गेला.

गाडी नावावर करून घ्यायचं परबांना त्या वेळी दोघा-तिघांनी सुचवलं होतं. ते तयार झाले नाहीत. "माणसान हातार चावी ठेवल्यान. आता तेका सांगू, शिक्को मार म्हणान? तेच्या शब्दार माजो विश्वास नाय असो अर्थ होता." अर्बाबलाही ते सुचलं नसावं, त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. दर वर्षी कंपनीचा सरकारी कामं करणारा माणूस, ज्याला इथे मंदूब म्हणतात, सगळ्या ट्रकांबरोबर याही गाडीचा मुल्किया नवा करून आणी. इन्शुरन्स, टायर, तेल सगळं परब करत. दोघेही आपापल्या जागी निर्धास्त होते. मग थोरला अर्बाब वारला.

परब पत्र मागायला त्याच्या मुलाकडे गेले.

धाकट्या अर्बाबची बाजूही लिहायला हवी. तो परदेशात शिकून आलेला, नीट बोलणारा माणूस होता. कंपनीच्या नावावरची गाडी इराणमध्ये जाणार, तिथे अपघात झाला तर जबाबदारी कंपनीची. त्याने नकार दिला नाही. पत्र तयार ठेवलं. सोबत दुसरा अर्ध्या पानाचा कागद होता: ही गाडी कंपनीची आहे, ती माझी कधीच नव्हती, मला वीस दिवस वापरायला दिली आहे, परत आल्यावर मी ती जमा करीन. खाली सहीची जागा.

परबांनी कागद मंदूबकडून वाचून घेतला आणि एकदा खात्री केली. "कभी नहीं था, ऐसा लिखा है?"

"हां. फॉर्मालिटी," धाकटा अर्बाब म्हणाला.

"तुमचो बाप खोटो बोललो, असा लिवन देवक सांगतास," परब मराठीत म्हणाले. मग हिंदीत: "सही नहीं करेगा."

धाकटा अर्बाब म्हणाला, मग पत्रही देता येणार नाही. परब म्हणाले, "मालूम है," आणि कामावर परत गेले.

आम्हाला हे त्या शुक्रवारी कळलं. टपरीवर सगळ्यांचं एकमत झालं, जे इथे क्वचित होतं. सही कर. गाडी जुनी आहे. महिन्या-दोन महिन्यांत तू देवगडला जाणार, गाडी काय बोटीत घालून नेणार आहेस? सही केली की साखळ्या, ग्लायकॉल, तक्ता, सगळं कामाला येईल. नाही केली तर तीन महिन्यांची तयारी वाया. मीही हेच सांगितलं. कागदावर काय लिहिलंय हे कुणी वाचणारही नाही, असं मी म्हणालो.

"तुमी पेपरवाले," परब म्हणाले. "तुमी सांगतास, लिवलेला कोण वाचणा नाय?"

दाऊद चिडला. "अरे, पण डोंगर? तुला डोंगर पाहिजे की गाडी?"

"दोनय."

"दोन्ही मिळत नाहीत, विश्राम!"

"मगे सही करून डोंगर बघलंय तर थय उभा कोण रवतलो? गाडी कधीच माजी नाय होती असा लिवन दिललो माणूस. तेका थंडी वाजली काय, नाय वाजली काय."

त्यांनी सुमनबाईंना फोन लावला. त्या इतके महिने या प्रवासाची थट्टा करत होत्या, त्यामुळे त्या सही कर म्हणणार आणि प्रश्न मिटणार, असं आम्हाला वाटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या गाडयेचो फोटो आमच्या माजघरात लावलोहा," त्या म्हणाल्या. "तुमी बोनेटार हात ठेवन उभे. येणाऱ्या-जाणाऱ्याक इतकी वर्सा सांगतंय, ही ह्यांची गाडी. मी आता तो फोटो काढूचंय नाय. सही करू नुकात."

"नाय करणंय," परब म्हणाले.

"आनी बर्फ?"

"जातलंय."

"कसे?"

परबांनी फोन कानाला लावला आणि स्पीकर बंद केला. पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी, परबांनी आपली गाडी धुतली आणि कंपनीच्या फाटकाशेजारी, पार्किंगच्या पांढऱ्या रेषांमध्ये, आरसे बघत उलटी घालून सरळ उभी केली. ग्लायकॉल आत तसाच होता. मुल्किया त्यांनी आत मंदूबच्या टेबलावर ठेवला. चावी ठेवली नाही. मंदूबने हात पुढे केला.

"मुल्किया तुम्हारा," परब म्हणाले. "चावी हमारा."

बस मस्कतहून दुबईकडे जाणारी होती. दाऊद त्यांना थांब्यावर सोडायला आला, मीही होतो. परबांच्या एका पिशवीत कपडे होते. दुसरी दाऊदने उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"यात काय आहे?"

"साखळये."

"गाडी नाही, आणि साखळ्या कशाला नेतोस, बाबा?"

"गाडी बदलली. रस्तो तोच हा."

ते निळं जॅकेट घालून बसमध्ये चढले. बाहेर चोवीस अंश होतं. हे मला माहीत आहे, कारण ती तक्त्यातली पहिली नोंद आहे.

तो तक्ता माझ्याकडे आहे. बंदर अब्बासला एकोणीस. सिरजानला नऊ. यझदला सहा. इस्फहानला दोन. परब दर थांब्यावर उतरत, सावलीत पाच मिनिटं थर्मामीटर धरून उभे राहत आणि लिहीत. दोनदा बस त्यांना सोडून निघाली होती. एकदा त्यांना मागे धावावं लागलं. कोमला आकडा पुन्हा वर गेला, पाचवर. ते शहर सखल आहे, म्हणून. परबांना हे माहीत नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं आहे, 'हयसर लीक आसा.'

तेहरानहून डोंगरात जाणाऱ्या टॅक्सीत चार प्रवासी होते. अर्ध्या वाटेत बर्फ पडू लागला. घाटाच्या तोंडाशी पोलिसांनी साखळ्या नसलेल्या गाड्या थांबवून परत पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या ड्रायव्हरकडे साखळ्या नव्हत्या. त्याने हात वर करून प्रवाशांना काहीतरी सांगितलं. भाषा परबांना येत नव्हती, पण परत जायचं म्हणतोय हे कळलं. ते उतरले, डिकी उघडली आणि आपली पिशवी रस्त्यावर ओतली.

बरक्याच्या मासळीबाजारातल्या नांगराच्या साखळ्या इराणच्या डोंगरात टॅक्सीच्या चाकाला कशा बसल्या, याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मी पाहिला आहे. टॅक्सीचं चाक परबांच्या गाडीपेक्षा लहान होतं. त्यांनी तीन-तीन कड्या तारेने आवळून कमी केल्या. ते आणि ड्रायव्हर गुडघ्यांवर बसलेले दिसतात. कुणीतरी छत्री धरली आहे. पोलीस वाकून बघतो, साखळी पायाने ढकलून पाहतो आणि हाताने पुढे जायची खूण करतो. मग फोन धरणारा माणूस हसतो आणि व्हिडिओ संपतो.

वर पोहोचल्यावर परबांनी काय केलं हे त्यांनी कधी सविस्तर सांगितलं नाही. तक्त्यावरून एवढं कळतं की ते घसरायच्या उताराच्या पायथ्याशी दुपारी दोन ते चार उभे होते, कारण चार नोंदी आहेत. मायनस दहा. मायनस अकरा. मायनस अकरा. मायनस अकरा. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खोलीपेक्षा सात अंशांनी गरम. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द आहेत. 'कंप्रेसर नाय.' त्याखाली, वेगळ्या ओळीवर, 'आवाज नाय.'

त्याच दुपारी माझ्या फोनवर त्यांचा एक ध्वनिसंदेश आला. आधी त्यांचा श्वास ऐकू येतो. मग, "पेपरवाल्यांनू, हयसरली गरमी कोणी काढल्यान?" त्यानंतर आठ सेकंद काहीच नाही. मला वाटलं रेकॉर्डिंग चुकून चालू राहिलं. दोन-तीनदा ऐकल्यावर कळलं की ते आठ सेकंदच त्यांना पाठवायचे होते. एकतीस वर्षं त्यांच्या थंडीबरोबर कंप्रेसरची घरघर असे.

साखळ्या त्यांनी त्या टॅक्सी ड्रायव्हरला देऊन टाकल्या. त्याच्याकडून कागद घेतला नाही.

ते परत आले तेव्हा कार्ड संपायला सहा दिवस होते. नोकरी सोडताना इथे प्रत्येकाला शेवटच्या कागदावर सही करावी लागते: कंपनीकडून मला सर्व मिळालं, आता काही येणं नाही. त्याशिवाय तिकीट मिळत नाही. मंदूबने तो पुढे सरकवला. परबांनी पेन मागून घेतलं आणि सहीच्या वर, छापील अरबी-इंग्रजी मजकुराच्या मोकळ्या जागेत, मराठीत एक ओळ लिहिली.

"ये क्या लिखा?" मंदूबने विचारलं.

परबांनी त्याला हिंदीत ओळीचा अर्थ सांगितला. लपवलं काही नाही. मंदूब कागदाकडे बघत राहिला, मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडे. तो थोरल्या अर्बाबच्या वेळचा माणूस होता. वर्षानुवर्षं मुल्किया नवा करून आणणारा तोच. त्याने खाली शिक्का मारला आणि परबांना एक प्रत दिली.

ओळ अशी आहे: 'गाडी माजी. बाकी कायएक येणा नाय. विश्राम परब, देवगड.'

विमानतळावर निरोप द्यायला आम्ही दोघेच होतो. परबांकडे खोके नव्हते. दाऊदने त्यांना मिठी मारली आणि म्हणाला, "आता थर्मामीटर तरी टाकून दे." परबांनी खिसा चाचपला. तिथे थर्मामीटर होता आणि गाडीची चावी होती. तक्ता त्यांनी मला दिला. "छापू नुकात," ते म्हणाले. "पण वाचा." मग ते आत गेले. सुरक्षेच्या रांगेत जॅकेट काढायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी पाठीवरचं कंपनीचं नाव आतल्या बाजूला येईल अशी त्याची घडी घातली, हे मी काचेतून पाहिलं. छापण्याबद्दलची त्यांची मनाई मी दोन वर्षं पाळली. हा मजकूर लिहिण्याआधी त्यांना विचारलं. "गाडी माजी म्हणान लिवतलास?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात कामासाठी बरक्याला गेलो होतो. कंपनीच्या फाटकाशी गाडी उभी होती, पांढऱ्या रेषांमध्ये, त्यांनी लावली तशीच. रंग उडून खडूसारखा झाला होता. काचेवर धुळीचा थर होता आणि त्यात कुणीतरी बोटाने काहीतरी अरबीत लिहिलं होतं. पलीकडे कंपनीचे ट्रक धुऊनपुसून रांगेत उभे होते. गाडी कुणी ओढून का नेली नाही, हे मी रखवालदाराला विचारलं. त्याने खांदे उडवले. चावी नाही, म्हणाला.

मी तिथूनच देवगडला फोन लावला. मागे माडांना पाणी चालल्याचा आवाज येत होता.

"परब, गाडी अजून आहे."

"टायरांत हवा आसा?"

मी वाकून पाहिलं. चारही टायर जमिनीला चिकटले होते. "नाही. चारही बसलेत."

"मगे माजीच ती," परब म्हणाले. "त्यांची असती तर हवा भरल्यानी असती."